फ्रेम रिले: स्पोकपासून स्पोकपर्यंतचा मॅप टाकला, रिलोडनंतर हबच दिसेनासा झाला

स्पोक_दोन:

जीएनएस३वर (संगणकावर नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) सिस्कोचे तीन ७२०० राउटर आहेत, आयओएस (सिस्कोची राउटर-प्रणाली) १२.४, मध्ये जीएनएस३चाच फ्रेम रिले (दूरची ठिकाणं जोडायचं जुनं तंत्र) स्विच. आर१ हब (मधला), आर२ आणि आर३ स्पोक (दोघेही फक्त हबला जोडलेले). सबइंटरफेस (एका पोर्टचे तार्किक भाग) केलेले नाहीत, तिघांचेही पत्ते थेट सिरियल १/० वर आहेत.

आर१: १०.१.१.१/२९, डीएलसीआय (जोडणीचा आपल्या बाजूचा क्रमांक) १०२ (आर२कडे) आणि १०३ (आर३कडे)
आर२: १०.१.१.२/२९, डीएलसीआय २०१ (आर१कडे)
आर३: १०.१.१.३/२९, डीएलसीआय ३०१ (आर१कडे)

सुरुवातीला एकही मॅप (कुठला पत्ता कुठल्या डीएलसीआयवर, ती नोंद) हाताने टाकला नव्हता. हब ते स्पोक पिंग चालू, स्पोक ते स्पोक बंद. इन्व्हर्स आर्प (मॅप आपोआप शिकण्याची चौकशी) फक्त पीव्हीसीच्या (दोन राउटरांमधली कायमची आभासी जोडणी) पलीकडच्या टोकाचा पत्ता आणतं, त्यामुळे एवढं अपेक्षितच होतं. मग आर२ वर ‘फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.३ २०१’ आणि आर३ वर ‘फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ ३०१’ टाकलं. सगळीकडून सगळीकडे पिंग जायला लागला. ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) शेजारीही आर१ ला दोन्ही दिसत होते (तिघांवर नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट, लूपबॅक १.१.१.१, २.२.२.२, ३.३.३.३).

कॉन्फिग सेव्ह करून फक्त आर२ आणि आर३ रिलोड केले. आता आर२ वरून १०.१.१.३ ला पिंग जातो, पण १०.१.१.१ ला जात नाही. आर२-आर३ मधला सगळा ट्रॅफिक आर१ मधूनच जातो, तरी आर१ स्वतः उत्तर देत नाही! आर२ वर ओएसपीएफमध्ये आर१ इनिट (ओळख अर्धवट) अवस्थेत अडकलाय, आर१ वर मात्र शेजाऱ्यांची यादीच रिकामी. आर२ वरचं ‘शो फ्रेम-रिले मॅप’:

सिरियल१/० (अप): आयपी १०.१.१.३ डीएलसीआय २०१(०एक्ससी९,०एक्स३०९०), स्टॅटिक, सिस्को, स्टेटस डिफाइन्ड, ॲक्टिव्ह

बास, एवढी एकच ओळ. कॉन्फिगमध्ये मी काहीही बदललेलं नाही. जीएनएस३चा बग आहे का?


जुना_कन्सोल:

बग नाही. तुमच्या त्या एका स्टॅटिक ओळीनेच हे केलंय, फक्त परिणाम उशिरा दिसला.

एखाद्या डीएलसीआयवर एखाद्या प्रोटोकॉलचा स्टॅटिक मॅप टाकला की आयओएस त्या डीएलसीआयवर त्या प्रोटोकॉलसाठी इन्व्हर्स आर्प बंद करतं. पूर्ण इंटरफेसवर नाही, फक्त त्या जोडीपुरतं. आर२ कडे डीएलसीआय एकच, २०१. तिच्यावर तुम्ही १०.१.१.३ चा मॅप टाकलात, म्हणजे २०१ वर आयपीसाठी इन्व्हर्स आर्प संपलं. पण आधी शिकलेली १०.१.१.१ ची डायनॅमिक एन्ट्री टेबलात तशीच बसून होती, म्हणून तुम्हाला सगळं ठीक वाटलं. रिलोडमध्ये ती गेली आणि परत शिकायची वाटच उरली नाही.

आता ‘हबमधून जातो पण हबला जात नाही’ हे कोडं. आर२ ला १०.१.१.३ साठी २०१ माहीत आहे, तो फ्रेम २०१ वर टाकतो. ती आर१ ला १०२ वर मिळते. आर१ आतलं आयपी पॅकेट बघतो, १०.१.१.३ साठी त्याच्याकडे १०३ ची जुनी डायनॅमिक एन्ट्री आहे (आर१ रिलोड झालेला नाही), तो पुढे पाठवतो. परतीचंही तसंच. यात आर१ चा स्वतःचा पत्ता कुणालाच लागत नाही. पण आर२ ला १०.१.१.१ कडे पॅकेट पाठवायचं असेल तर ‘१०.१.१.१ कुठल्या डीएलसीआयवर’ याचं उत्तर लागतं, आणि ते त्याच्याकडे नाही. आर१ वरून आर२ ला पिंग मारलात तरी हीच गत: विनंती पोचते, उत्तर आर२ च्या दारातच अडतं.

आर२ वर ‘डीबग फ्रेम-रिले पॅकेट’ लावून १०.१.१.१ ला पिंग करा, ‘एन्कॅप्स फेल्ड--नो मॅप एन्ट्री लिंक ७(आयपी)’ अशी ओळ येईल. ‘डीबग आयपी पॅकेट’मध्ये तीच गोष्ट ‘एन्कॅप्सुलेशन फेल्ड’ म्हणून दिसते. दोन्ही डीबग लॅबमध्येच लावा, आणि झाल्यावर ‘अनडीबग ऑल’ विसरू नका.

दुरुस्ती अशी. इंटरफेस आधी शटडाउन करा, नाहीतर काम चालू असताना परत एखादी डायनॅमिक एन्ट्री शिकली जाते आणि तुमचीच दिशाभूल होते.

आर२, सिरियल १/०:
शटडाउन
नो फ्रेम-रिले इन्व्हर्स-आर्प
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.१ २०१ ब्रॉडकास्ट
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.३ २०१
नो शटडाउन

आर३ वर तेच, पत्ते १०.१.१.१ आणि १०.१.१.२, डीएलसीआय ३०१. आर१ वर १०.१.१.२ ला १०२ ब्रॉडकास्ट, १०.१.१.३ ला १०३ ब्रॉडकास्ट. हबही स्टॅटिक करा. अर्धं शिकलेलं, अर्धं लिहिलेलं ठेवलंत की पुढच्या रिलोडला हाच धागा परत उघडाल.

‘ब्रॉडकास्ट’ शब्द स्पोकवर एकाच ओळीत का? फ्रेम रिलेला स्वतःचं ब्रॉडकास्ट नाही. राउटर ‘ब्रॉडकास्ट’ लिहिलेल्या मॅपवर त्या पॅकेटची प्रत काढून पाठवतो. दोन्ही ओळींत तो शब्द टाकलात तर एकाच पीव्हीसीवर हबला त्याच हॅलोच्या (शेजाऱ्यांना ओळख देणारं ओएसपीएफचं पॅकेट) दोन प्रती जायची शक्यता, आणि आर३ ला तरीही काही मिळत नाही, कारण मल्टिकास्ट हॅलो हब पुढे पाठवतच नाही.

इनिटचं कारणही इथेच आहे. आर१ च्या डायनॅमिक एन्ट्रीत ‘ब्रॉडकास्ट’ आपोआप येतं, म्हणून त्याचे हॅलो आर२ पर्यंत पोचतात. आर२ च्या स्टॅटिक ओळीत तो शब्द नाही, म्हणून आर२ चे हॅलो बाहेरच पडत नाहीत. आर२ ऐकतो, बोलत नाही. एकीकडे इनिट आणि दुसरीकडे रिकामी यादी दिसली की आधी मॅपमधला हा शब्द शोधायचा.


पीव्हीसी_पहारेकरी:

वरचं निदान बरोबर. फक्त एक भर: डीबग लावण्याआधी काउंटर बघायची सवय लावा. डीबगने गर्दी होते, काउंटर शांतपणे सांगतात.

आर२ वर ‘क्लिअर काउंटर्स’, मग ‘पिंग १०.१.१.१ रिपीट १००’. त्यानंतर आर२ वर ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी २०१’ आणि आर१ वर ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी १०२’. बघायचं फक्त ‘इनपुट पॅकेट्स’ आणि ‘आउटपुट पॅकेट्स’.

आर२ चं आउटपुट जवळपास शून्य: मॅप आर२ वरच नाही. (एलएमआयचे (राउटर आणि स्विचमधली स्थितीची विचारपूस) निरोप वेगळ्या डीएलसीआयवर चालतात, ते या आकड्यात येत नाहीत. ओएसपीएफचे हॅलो बाहेर पडत असतील तर ते येतात, पण दहा सेकंदाला एक; शंभर पिंगांच्या गर्दीत फरक लगेच कळतो.)

आर२ चं आउटपुट शंभर, आर१ च्या १०२ चं इनपुट हललेलं नाही: स्विचमधली जोडणी चुकली. जीएनएस३मध्ये पोर्ट:डीएलसीआयच्या जोड्या परत तपासा.

आर१ चं इनपुट शंभर, आउटपुट शून्य: आर१ ला परतीचा मॅप नाही. दोन्हीकडे शंभर-शंभर आणि तरी पिंग नापास, तर प्रश्न मॅपचा नाहीच. ॲक्सेस लिस्ट किंवा चुकीचा आयपी शोधा. तुमच्या बाबतीत पहिली ओळ लागू पडते, डीबगशिवायच उत्तर मिळालं असतं.

दुसरं, मॅपच्या ओळीतले दोन हेक्स आकडे लोक दुर्लक्षित करतात. कंसातला पहिला आकडा म्हणजे डीएलसीआयच हेक्समध्ये. दुसरा म्हणजे हेडरच्या दोन बाइटांत ती कशी पसरते ते: दहा बिटांपैकी वरचे सहा पहिल्या बाइटमध्ये, खालचे चार दुसऱ्यात. १०२ चं उदाहरण घ्या. हेक्समध्ये ६६, आणि तारेवर १८६०. पण ‘डीबग फ्रेम-रिले पॅकेट’मध्ये तेच १८६१ दिसतं, कारण तिथे दुसऱ्या बाइटच्या शेवटी पत्ता संपल्याची खूण असलेला बिट धरलेला असतो. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून कॉन्फिग बदलायला बसू नका.

आणि ‘ॲक्टिव्ह’ या शब्दावर फार विसंबू नका. ॲक्टिव्ह म्हणजे स्विचच्या मते पीव्हीसी दोन्ही टोकांना जिवंत आहे. मॅप बरोबर की चूक याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्याच ओळीत ॲक्टिव्ह होतं ना! इनॅक्टिव्ह म्हणजे आपल्या बाजूची जोडणी ठीक, पलीकडच्या टोकाला घोळ. डिलीटेड म्हणजे तुम्ही कॉन्फिगमध्ये लिहिलेली डीएलसीआय स्विचला माहीतच नाही, बहुतेक वेळा टायपिंगची चूक. स्विचवर काही बदललंत तर एक मिनिट थांबा: राउटर दर दहा सेकंदांनी एलएमआयची चौकशी करतो, आणि पीव्हीसींची पूर्ण यादी दर सहाव्या चौकशीला मागतो. साठ सेकंद न थांबता परत कॉन्फिग खोदत बसणारे खूप असतात.


स्पोक_दोन:

दोघांचेही आभार. वरच्या ओळी टाकल्या, पिंग सगळीकडून सगळीकडे जातोय. ‘क्लिअर फ्रेम-रिले इनार्प’ मारूनही मॅप टिकले. काउंटरची युक्ती मस्त आहे.

पण आता तिन्ही राउटर एकाच वेळी रिलोड केले तर ओएसपीएफ वेडंवाकडं वागतं. आर१ वर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये डीआर (सगळ्यांच्या मार्गांची माहिती वाटायला निवडलेला राउटर) म्हणून आर३ दिसतो. आर२ मात्र स्वतःलाच डीआर समजतो, आणि आर२ ला ३.३.३.३ चा मार्ग येत नाही. १०.१.१.३ ला पिंग मात्र जातो. हाही मॅपचाच प्रश्न का?


जुना_कन्सोल:

हा मॅपचा नाही, निवडणुकीचा आहे, पण मूळ तेच: ब्रॉडकास्ट टाइपमध्ये ओएसपीएफ धरून चालतं की सगळे सगळ्यांना ऐकतात, आणि तुमच्या मांडणीत आर२ आणि आर३ एकमेकांचे हॅलो कधीच ऐकत नाहीत. आर१ ला दोघे ऐकू येतात, तो मोठा राउटर आयडी (इथे लूपबॅकचाच पत्ता) म्हणून ३.३.३.३ ला निवडतो. आर२ ला फक्त आर१ ऐकू येतो, १.१.१.१ पेक्षा २.२.२.२ मोठा, म्हणून तो स्वतःलाच निवडतो. स्पोक ते स्पोक मॅपवर ‘ब्रॉडकास्ट’ टाकून हे सुटणार नाही. ओएसपीएफच्या पॅकेटचा टीटीएल (किती राउटर ओलांडायचे ती मर्यादा) १ असतो, हबने ते पुढे पाठवायचं ठरवलं तरी तिथेच मरतं.

दोन्ही स्पोकवर सिरियल १/० ला ‘आयपी ओएसपीएफ प्रायोरिटी ०’. हबला नुसती जास्त प्रायोरिटी देऊन भागत नाही, कारण आधीच बसलेला डीआर नंतर आलेल्या मोठ्या प्रायोरिटीला जागा देत नाही. शून्य म्हणजे निवडणुकीत उभंच राहायचं नाही. मग तिन्हीवर ‘क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस’.

यानंतर आर२ च्या राउटिंग टेबलात ३.३.३.३ चा पुढचा थांबा १०.१.१.३ असेल, १०.१.१.१ नाही. ब्रॉडकास्ट आणि नॉन-ब्रॉडकास्ट टाइपमध्ये डीआर मार्ग पोचवतो, थांबा बदलत नाही. म्हणजे स्पोक ते स्पोकचा तो मॅप आता खरोखर कामाला येतो. तो काढलात तर मार्ग टेबलात दिसेल आणि पॅकेट जाणार नाही.


सबइंटरफेसवाला:

हे सगळं वाचून एकच वाटतं: एवढा खटाटोप कशाला? आर१ वर दोन पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस करा, प्रत्येकाला वेगळा /३०, आत ‘फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२’ आणि दुसऱ्यात १०३. स्पोकवरही तसंच. पॉइंट-टू-पॉइंटला मॅप लागतच नाही, पलीकडे एकच जण असतो, पत्ता कुणाचाही असो फ्रेम त्याच डीएलसीआयवर जाते. ओएसपीएफ आपोआप पॉइंट-टू-पॉइंट टाइप घेतं, डीआर नाही, भांडण नाही.

करताना तीन गोष्टी सांभाळा. एक, मुख्य सिरियलवरचा आयपी काढा. दुसरी, जी डीएलसीआय कुठल्याही सबइंटरफेसला दिली नाही ती मुख्य इंटरफेसच्या खात्यात जाते. दोन सबइंटरफेस केले आणि एकात ओळ विसरलात तर ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी’मध्ये ती डीएलसीआय सिरियल १/० च्या नावावर दिसेल. तिसरी, सबइंटरफेस एकदा मल्टिपॉइंट (एकाच इंटरफेसवर समोर अनेक जण) म्हणून केला की त्याच क्रमांकाने पॉइंट-टू-पॉइंट करता येत नाही, ‘नो इंटरफेस’ केल्यावरही नाही. रिलोड करा किंवा सरळ दुसरा क्रमांक घ्या.

आणि एक टोक मल्टिपॉइंट, दुसरं पॉइंट-टू-पॉइंट अशी खिचडी केलीत तर पिंग जाईल पण शेजारी जुळणार नाही: मल्टिपॉइंटला मुळात नॉन-ब्रॉडकास्ट टाइप मिळतो, त्याचे टायमर (हॅलो आणि शेजारी मृत धरायचा) ३० आणि १२० सेकंद, पॉइंट-टू-पॉइंटचे १० आणि ४०.


जुना_कन्सोल:

प्रत्यक्ष नेटवर्क असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथे मॅप शिकायचाय, आणि मॅपच नको असा उपाय म्हणजे परीक्षा टाळून पास होणं.

शिवाय फ्रेम रिले २०१६ साली सीसीएनए या सिस्कोच्या परीक्षेतून गेलं, तरी ही सवय वाया जात नाही. डीएमव्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरून हब आणि स्पोक जोडायचं तंत्र) स्पोकवर ‘आयपी एनएचआरपी मॅप’ आणि ‘आयपी एनएचआरपी मॅप मल्टिकास्ट’ अशा दोन ओळी लागतात. दुसरी विसरलात की पिंग जातो आणि शेजारी जुळत नाही. ओळखीचं वाटतं ना?

मल्टिपॉइंट ठेवूनच त्रास कमी करायचा असेल तर तिघांवर ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-मल्टिपॉइंट’ टाका. डीआर जातो, आणि प्रत्येक राउटर आपल्या सिरियलचा पत्ता /३२ म्हणून जाहीर करतो. आर२ ला १०.१.१.३/३२ हबमार्गे मिळतो. /२९ पेक्षा तो नेमका असल्यामुळे तोच वापरला जातो. मग स्पोक ते स्पोकचा मॅप काढून टाकला तरी चालतं, हबचा ब्रॉडकास्टवाला मॅप तेवढा ठेवा. टायमर ३०/१२० होतात, म्हणून तिन्हीकडे एकदमच बदला.


पीव्हीसी_पहारेकरी:

नवशिक्यांची सगळ्यांत मोठी चूक अजून कुणी लिहिली नाही: मॅपमध्ये पत्ता समोरच्याचा, डीएलसीआय आपली. आर२ वर ‘मॅप आयपी १०.१.१.१ १०२’ लिहिणारे दहातले पाच असतात, कारण आकृतीत १०२ हबच्या बाजूला लिहिलेलं असतं. तसं केलं की ‘शो फ्रेम-रिले पीव्हीसी’मध्ये १०२ डिलीटेड दिसते. जिथे डिलीटेड, तिथे आधी हे बघा.

आणखी एक. मॅपमध्ये कधी ०.०.०.० ची डायनॅमिक ओळ दिसली तर ‘क्लिअर’ने ती जाईल असं धरू नका. इन्व्हर्स आर्प बंद करून, कॉन्फिग सेव्ह करून रिलोड, मग ती जाते. आपल्या नव्या राउटरवर एन्कॅप्सुलेशन दिल्याबरोबर, नो शटडाउनच्या आधी, ‘नो फ्रेम-रिले इन्व्हर्स-आर्प’ टाकायची सवय त्यासाठीच. मात्र हे लक्षात ठेवा की ही ओळ फक्त आपल्याकडून जाणाऱ्या चौकशा थांबवते; दुसऱ्याने विचारलं तर राउटर उत्तर देतोच. आर२ वर बंद केलंत आणि आर१ वर चालू ठेवलंत तर आर१ च्या टेबलात आर२ ची डायनॅमिक ओळ उगवेल, त्यात आश्चर्य नाही.


स्पोक_दोन:

प्रायोरिटी शून्य केली, प्रोसेस क्लिअर केली. आर१ डीआर, दोन्ही स्पोक फुल (पूर्ण जुळलेले), आर२ वर ३.३.३.३ व्हाया १०.१.१.३ आला. तिन्ही दोनदा एकदम रिलोड करून पाहिले, टिकलं. आता हाच लॅब पॉइंट-टू-मल्टिपॉइंटने करतोय.

शेवटची शंका: आर२ वरून आर२ चाच १०.१.१.२ पिंग होत नाही. बाकी सगळं चालू असताना हे का?


जुना_कन्सोल:

मल्टिपॉइंटवर स्वतःच्या पत्त्यालाही मॅप लागतो, राउटर ते पॅकेट आतल्या आत वळवत नाही. ‘फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१.१.२ २०१’, ब्रॉडकास्टशिवाय. पॅकेट हबपर्यंत जाऊन परत येईल, म्हणून वेळ हबच्या पिंगच्या साधारण दुप्पट दिसेल. ट्रॅफिकसाठी ही ओळ नसली तरी काही अडत नाही.